वाळवंटी डोंगर, १६ किमी, ९५० मीटर चढाई, वाटेत पाणी नाही: माणशी किती लिटर न्यावं?

मुरमाड

दोघांचा बेत आहे. डोंगर पूर्ण उघडा, झाड औषधालाही नाही. पायथा ७०० मीटरवर, माथा १६५० मीटरवर. जाऊन-येऊन १६ किमी.

पहिले ३ किमी कोरड्या ओढ्याच्या पात्रातून, दोन्ही बाजूंना कातळभिंती. मग पश्चिमेकडे उतरलेल्या सोंडेवरून साडेतीन किमी खिंडीपर्यंत. खिंडीतून माथा दीड किमी, त्यात घसारा आणि थोडा सोपा कातळ. उतरायचं त्याच वाटेने. पायथ्याचा अंदाज कमाल ३७ अंश, किमान २१, दुपारची आर्द्रता १० टक्क्यांच्या आसपास. सूर्योदय ५:५० ला. मोबाइलला रेंज नाही.

सध्या ठरलंय ते असं: सकाळी ७ ला निघायचं, ३ पर्यंत खाली, माणशी ४ लिटर पाणी. एवढं पुरेल का? शिवाय जाळीदार ट्रेल शूज की घोट्यापर्यंतचे चामडी बूट? आणि अशा उन्हात सुती शर्ट चालतो का? सुती कपड्यांना सगळीकडे सरसकट नाही म्हणतात.

कातळटोप

४ लिटर पुरणार नाही. पण पाण्याआधी वेळ बदला, कारण लिटरचा हिशोब वेळेवरच बसलेला आहे.

७ ला निघालात तर माथ्यावर साडेअकरा होतात. म्हणजे पश्चिमेच्या सोंडेवरून उतरताना बरोब्बर त्या सोंडेवर ऊन येतं, आणि शेवटचे ३ किमी ओढ्याच्या पात्रात दोन-अडीचला. हवेचं तापमान सर्वांत जास्त असतं ते भर बाराला नाही, तीन-चारच्या सुमारास. त्या वेळी वाळू आणि कातळ ६० अंशांच्या वर गेलेले असतात, दोन्ही भिंती तापलेल्या, वारा बंद. दिवसातली सर्वांत वाईट वेळ आणि वाटेतली सर्वांत वाईट जागा तुम्ही एकत्र आणून ठेवली आहे, तीही पाय दमलेले आणि बाटल्या रिकाम्या असताना.

आता वेळ काढू. नेस्मिथचा जुना नियम: ताशी ५ किमी, अधिक दर ६०० मीटर चढाईला एक तास. जाताना ८ किमी आणि ९५० मीटर म्हणजे सुमारे ३ तास १० मिनिटं. हा आकडा चांगल्या पायवाटेचा आणि थंड हवेचा. वाळू, घसारा आणि ओझं धरून त्याला १.४ ने गुणा, साडेचार तास येतात. उतरायला ३ तास. म्हणून:

४:०० निघणं
५:०० सोंडेचा पाया
७:१५ खिंड
८:३० माथा, इथून परत फिरायची वेळ
१०:४५ पुन्हा सोंडेचा पाया
११:४० गाडी

सकाळी पश्चिमेची सोंड सावलीत असते. चढाईचा जवळजवळ सगळा कष्टाचा भाग त्या सावलीत उरकतो, हा या वाटेचा मोठा फायदा आहे आणि ७ ला निघून तुम्ही तो घालवताय.

८:३० ही वेळ माथ्याची नाही, परतीची आहे. साडेआठला माथा समोर २०० मीटरवर दिसत असला तरी वळायचं. वाळवंटाच्या कोरड्या स्वच्छ हवेत लांबचं जवळ दिसतं, त्यामुळे 'हा काय आलाच' यावर विश्वास ठेवू नका. खिंडीत ७:४५ नंतर पोचलात तर माथा सोडा.

पाणी: थंड तासांना अर्धा लिटर, उन्हातल्या चढ-उताराला पाऊण ते एक लिटर. ४ ते ८ चे २ लिटर, ८ ते ११:४० चे साधारण साडेतीन. वर एक लिटर राखीव, कोणाचा पाय मुरगळला तर सावलीत थांबून काढायच्या तासांसाठी. माणशी साडेसहा लिटर, म्हणजे साडेसहा किलो. निघण्याच्या दोन तास आधी अर्धा लिटर प्या, तो यात धरलेला नाही. खिंडीत पोचेपर्यंत अर्ध्याहून जास्त संपलं असेल तर घड्याळ काहीही म्हणो, तिथूनच मागे.

अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमध्ये उन्हाळ्यात १० ते ४ चालू नका असं तिथलं उद्यान प्रशासनच सांगतं. फीनिक्स शहराने तर २०२१ पासून तीव्र उष्णतेच्या इशाऱ्याच्या दिवशी कॅमलबॅक डोंगराच्या वाटा भर उन्हाच्या तासांत बंद ठेवायला सुरुवात केली. तो डोंगर शहराच्या मध्यात आहे. तुमच्या वाटेवर रेंजही नाही.

चिमूटभर मीठ

वेळापत्रकाला +१. साडेसहा लिटरवर मात्र एक पुरवणी हवी, कारण नुसतं साधं पाणी साडेसहा लिटर रिचवणं हाही एक अपघातच आहे.

घामातून पाण्याबरोबर सोडियम जातं, लिटरमागे ढोबळ अर्धा ते दीड ग्रॅम, माणसामाणसात फरक. तेवढं भरून न काढता साधं पाणी ओतत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. लिटरला १३५ मिलिमोलच्या खाली गेलं की त्याला हायपोनॅट्रेमिया म्हणतात. मळमळ, डोकेदुखी, बोटं सुजणं, अंगठी घट्ट होणं, पुढे गोंधळ आणि झटके. बरोबरचे लोक 'ऊन लागलंय, अजून पाणी पाज' म्हणतात आणि प्रकरण हाताबाहेर जातं.

ओळखायचं कसं? गेल्या तीन तासांत किती प्यायला, काय खाल्लं, लघवी कशी होतेय, हे विचारा. भरपूर प्यायलाय, खाल्लं काहीच नाही, लघवी पाण्यासारखी स्वच्छ आणि वारंवार, तहान नाही: पाणी बंद, खारट खायला द्या. कमी प्यायलाय, तोंड कोरडं, लघवी गडद आणि थोडी: पाणी हवंय.

व्यवहारात असं करा. दोन बाटल्या साध्या पाण्याच्या, तिसरी ओआरएसची, याच प्रमाणात सगळा साठा. पाकिटावर किती पाण्यासाठी आहे ते वाचा. पाकिटं २०० मिलीचीही असतात आणि एक लिटरचीही, आणि पहाटे साडेतीनला अंधारात ती सारखीच दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. पाकीट नसेल तर एक लिटरमध्ये सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. 'ताकद यावी' म्हणून घट्ट करू नका. जास्त तीव्र द्रावण आतड्यात पाणी ओढून घेतं, पोट बिघडतं आणि असलेलं पाणीही जातं. तासाला लिटरपेक्षा फार वर जाऊ नका, आणि एका दमात अर्धा लिटर पिण्यापेक्षा दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-पाच घोट.

दर तासाला काहीतरी खारट चावा. खारे दाणे, खारी बिस्किटं, काहीही. उन्हात भूक मरते, म्हणून घड्याळ लावून खायचं.

साध्या पाण्याची एक बाटली शेवटपर्यंत साधीच ठेवा. डोळ्यात वाळू गेली, जखम धुवायची, डोक्यावर ओतायचं, तिथे ओआरएस उपयोगाचं नाही.

रक्तदाब, ॲलर्जी किंवा मानसिक आजाराची रोजची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, बीटा ब्लॉकर आणि काही जुनी अँटिहिस्टामिन्स शरीराची थंड होण्याची क्षमता कमी करतात.

लगोरी

पाण्यावर लिहून झालंय, मी वाटेवर लिहितो. अशा डोंगरात लोक हरवतात ते ठरावीक दोन ठिकाणी.

ओढ्यातून वर जाताना समोर फाटे येतात, खाली येताना सगळे फाटे एकत्र येऊन मिळतात. सोंडेचं उलटं: वर जाताना सगळ्या सोंडा एकीत मिळतात, उतरताना फुटतात. म्हणजे तुमची एक चूक पहाटे चारला अंधारात ओढ्यात होणार, आणि दुसरी नऊच्या पुढे सोंडेवरून उतरताना. ओढ्याच्या प्रत्येक फाट्यावर थांबून नकाशा बघा. ओढा सोडून सोंडेवर चढता ती जागा जीपीएसवर खूण करून ठेवा, आणि तिथून वळून मागे बघा, कारण परतताना हेच दृश्य समोर असणार. सोंडेवर दर फाट्याला हेच.

रस्ता चुकलाय असं वाटलं तर बाजूच्या नाळेत उतरून 'खाली कुठेतरी ओढा लागेलच' करू नका. ओढा लागतो, पण मध्ये कोरडे धबधबे असतात, ८-१० मीटरचे गुळगुळीत कातळ. घसरत एक उतरलात आणि पुढचा उतरता येईना, तर मागचा चढताही येत नाही. शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत परत चढायचं, कितीही जिवावर आलं तरी.

वाटेची खूण म्हणून रचलेल्या दगडांच्या लगोऱ्या दिसतील. एका लगोरीवरून पुढची दिसत असेल तर ठीक. एकुलती एक लगोरी कोणी जेवायला बसलेल्याने उगीच रचलेली असू शकते.

घसाऱ्यावर उतरताना टाच आधी रोवा, गुडघा किंचित वाकवून, छोटी पावलं. मागे रेललात की बूड आपटलंच. दोघं एकाखाली एक चालू नका. एकतर अगदी चिकटून चाला, म्हणजे सुटलेला दगड वेग घेण्याआधीच पुढच्याच्या पायाशी अडतो, नाहीतर एक जण पार होईपर्यंत दुसऱ्याने आडोशाला थांबायचं. मोठ्या घसाऱ्यापेक्षा फसवा प्रकार म्हणजे कातळावर पसरलेली बारीक रेव. ती पायाखाली छर्ऱ्यांसारखी फिरते. तिथे पाऊल सपाट टाका, किंवा रेव बुटाने बाजूला सारून मग वजन द्या. वालुकाश्म असेल आणि आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर कातळटप्पा सोडून द्या. ओला वालुकाश्म कमजोर होतो, भक्कम वाटणारी पकड हातात येते.

बूट: जाळीदार हलके पण त्यातून वाळू शिरते, चामडी तापतात आणि जड. मधला मार्ग म्हणजे बारीक विणीचे, जाड तळव्याचे ट्रेल शूज आणि वरून कापडी गेटर, म्हणजे बुटाचं तोंड आणि घोटा झाकणारं आवरण. वाळू शिरली की 'पुढच्या थांब्याला काढू' म्हणू नका, तिथल्या तिथे बूट झटका. ओलसर मोजा आणि वाळू म्हणजे पॉलिश पेपर. पायाची नखं दोन दिवस आधी कापा, उतारावर बोटं पुढे आपटतात.

मुरमाड

एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. वेळापत्रक मान्य, ४ ला निघतो. दोन शंका.

१. साडेसहा लिटर वर नेऊन परत आणण्यापेक्षा सोंडेच्या पायथ्याशी थोडं ठेवून गेलं तर?

२. पाऊस. त्या दिवशी अंदाज कोरडा आहे, पण ७० किमीवरच्या उंच रांगेत दुपारी गडगडाट दाखवतोय. ओढ्याचं काय?

कातळटोप

१. ठेवा. माणशी दीड लिटर. सोंडेचा पाया योग्य जागा आहे, कारण तिथून पुढचे ३ किमी सर्वांत तापलेले आणि वाट तीच परतीची. कडक प्लॅस्टिकची बाटली घ्या. पातळ बाटल्या उंदीर-खारी कुरतडतात. पात्रात नको, पुराच्या खुणेच्या वर, दिवसभर सावली राहील अशा उत्तरेकडच्या कपारीत, वरून दगड. जीपीएसवर खूण. पण ठेवलेलं पाणी हे जास्तीचं, हक्काचं नाही: ते मिळालं नाही तरी राखीव लिटरवर गाडीपर्यंत पोचता आलं पाहिजे. रिकामी बाटली परत आणायची, हे वेगळं सांगायला नको.

उरलेलं सगळं एका नळीच्या पिशवीत भरू नका. ती फुटली तर सगळंच गेलं, आणि किती उरलंय ते दिसतही नाही. दोन लिटर पिशवीत, बाकी बाटल्यांत. नळीतलं पाणी उन्हात चहासारखं तापतं, म्हणून प्रत्येक वेळी पिऊन झाल्यावर फुंकर मारून परत पिशवीत ढकला.

लगोरी

२. तुमच्या डोक्यावरचा अंदाज बघू नका, त्या ओढ्याचं पाणलोट कुठवर जातं ते नकाशावर बघा. ती गडगडाटाची रांग याच पाणलोटात असेल तर प्रश्न खरा. ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये ऑगस्ट १९९७ मध्ये ११ जण वाहून गेले, त्यांना बुडवणारा पाऊस पडला होता दूर वरच्या अंगाला. कडक वाळलेली जमीन आणि उघडा कातळ पाणी पीत नाहीत, सगळं थेट ओढ्यात येतं.

सकाळी पावणेबाराच्या आत बाहेर पडणार असाल तर दुपारच्या गडगडाटाचा धोका बराच कमी होतो. लवकर निघायचं आणखी एक कारण. पण आदल्या संध्याकाळी-रात्री वर पाऊस झाला असेल तर ४ वाजता ओढ्यात शिरू नका. उजेड होऊ द्या, आणि मग माथा सोडून फक्त खिंड करा. आत असताना वारा अचानक सुटला, लांबून आगगाडीसारखी घरघर आली, किंवा काटक्या-पाचोळा घेऊन गढूळ पाण्याची जीभ पुढे सरकताना दिसली, तर सामान सोडून बाजूला वर चढा. पाण्याशी पळण्याची शर्यत लावू नका. घोट्याच्या वर, १५ सेंटिमीटर वेगवान पाणी मोठ्या माणसाला पाडतं. आणि आत शिरतानाच दर थोड्या अंतरावर 'इथून वर चढता येईल' अशा जागा हेरून ठेवा.

सुती सदरा

शर्टाचं कोणीच बोललं नाही, म्हणून नावाला जागतो.

'सुती नको' हा नियम थंड-ओल्या डोंगरांचा आहे. कोरड्या उन्हात हवा ३५ च्या वर गेली की हवेपासून अंगाला उष्णताच मिळते, थंड करणारा एकच उपाय उरतो, घाम वाळणं. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि हळूहळू सोडतं, म्हणून भिजवलेला सैल, फिका, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट इथे चांगलाच. सिंथेटिक लगेच वाळतं, ते पहाटेच्या गारव्यात बरं. मोजे मात्र सुती नकोत, आणि जांघेला घासणारे कपडेही सुती नकोत.

टोपीला सगळीकडून ७-८ सेंटिमीटर काठ हवा, मानेवर ओलं फडकं. उंचीबरोबर अतिनील किरणं दर हजार मीटरला १० टक्क्यांच्या आसपास वाढतात, आणि कोरडी वाळू खालूनही परावर्तित करते. नाकाच्या खालच्या बाजूला, हनुवटीखाली क्रीम लावा, लोक तेच विसरतात.

पहाटे ४ ला थंडी वाजेल. थंड हवा जड असल्यामुळे रात्री उतारावरून ओघळून ओढ्यात साचते, त्यामुळे पायथा सोंडेपेक्षा गार असू शकतो. पातळ वाराविरोधक जॅकेट घ्या, खिंडीत घामेजलेल्या पाठीवर तेच लागेल.

चिमूटभर मीठ

उष्माघाताचं सांगायचं राहिलं, आणि दोघंच असाल तर दोघांनाही पाठ पाहिजे.

थकवा, चक्कर, पेटके, मळमळ, पण माणूस शुद्धीत आणि बोलणं सरळ: सावलीत बसवा, भिजवा, ओआरएस. अर्ध्या तासात सुधारला नाही तर वरची बाजू सोडा. बोलणं बरळल्यासारखं, चाल अडखळती, चिडचिड, विचित्र वागणं: हा उष्माघात समजा. शरीराचं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं. 'अजून घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही' ही समजूत चुकीची. कष्टाने आलेल्या उष्माघातात घाम चालू असू शकतो.

आधी थंड करा, मग मदत शोधा. तापलेल्या जमिनीवर झोपवू नका, खाली सॅक आणि जॅकेट पसरा, जमीनच त्याला शिजवत असते. कपडे सैल करा, असलेलं पाणी पूर्ण अंगावर शिंपडा, टोपीने जोरात वारा घाला, वाळलं की पुन्हा शिंपडा. कोरड्या हवेत हे फार परिणामकारक आहे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. तापाची गोळी देऊ नका, हा ताप त्या जातीचा नाही.

आणि पाणी खरंच संपत आलं तर वाचवून-वाचवून घोटाघोटाने पुरवू नका. तहान लागेल तसं प्या आणि घाम वाचवा: ११ ते ५ सावलीत बसा, न बोलता, अंगावर कपडे ठेवून, आणि संध्याकाळी चाला. निवडुंग फोडून पाणी मिळतं ही कथा आहे, बहुतेक जातींच्या गराने उलटी होते. खडकातल्या डबक्यातलं पाणी गाळून, उकळून घ्या. २००० मीटरच्या खाली एक मिनिट उकळी पुरते. पण खारट-तुरट लागलं तर ते उकळून सुधारत नाही, आणि गाळणीही क्षार काढत नाही.

लगोरी

अंधारात ओढ्यातून जाताय म्हणून शेवटचं. गरम ऋतूत साप-विंचू रात्रीच फिरतात, म्हणजे तुमच्याच वेळेला. आशिया-आफ्रिकेच्या कोरड्या भागात फुरसं, अमेरिकेत रॅटलस्नेक. डोक्याचा दिवा पायाच्या दोन पावलं पुढे. न दिसणाऱ्या कपारीत किंवा डोक्यावरच्या कडेला हात घालू नका, पाणी लपवतानासुद्धा. आधी काठीने ठोका. चावलाच तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं, तिन्ही बंद. अंगठी-घड्याळ काढा, तो अवयव हलणार नाही असा बांधा, आणि दुसऱ्याने मदत आणायची. म्हणून रेंज नसलेल्या जागी दोघंच जाताना उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भाड्याने का होईना, न्याच. फोनवर भिस्त नको. ३५ अंशांच्या वरच्या हवेत, थेट उन्हात तो तापून बंद पडतो. विमान मोडवर, कपड्यात गुंडाळून सॅकच्या मधोमध ठेवा.

आणि एक प्लॅस्टिकचा कंगवा. गोळ्यांसारखे सुटे तुकडे अंगाला चिकटणारे निवडुंग असतात, ते बोटांनी काढायला गेलं की बोटांना चिकटतात. कंगवा काट्यांच्या आणि कातडीच्या मध्ये घालून झटक्यात उडवायचा, दुसऱ्या माणसाकडे तोंड करून नाही.